मदत हवी आहे: दुसरीच्या मुलांना शरीराच्या सुरक्षिततेबद्दल कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. मुलांना चांगला स्पर्श, वाईट स्पर्श, १०९८ हा हेल्पलाइन नंबर, हे सगळं सांगून झालंय. 'नाही म्हण, तिथून पळ, विश्वासाच्या माणसाला सांग' हे तर त्यांचं तोंडपाठ आहे. पण परवा एका मुलीने विचारलं, "बाई, मामा जबरदस्तीने पापी घेतो, मला नाही आवडत. पण आई म्हणते मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं. मग?" वर्ग एकदम माझ्याकडे बघायला लागला. तिला जवळ घेऊन म्हटलं, आवडत नसेल तर नाही म्हणायचं, मामालासुद्धा. आईशी मी बोलेन.

खरी अडचण इथेच आहे. मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, आणि आपण मात्र त्यांना अनोळखी काकांचीच भीती घालतो. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. आजी-आजोबाही येतात. 'एवढ्याशा पोरांना हे कशाला?' हा प्रश्न येणारच.

कुणी अशी सभा घेतली आहे का? सुरुवात कशी केलीत? अवयवांची खरी नावं सांगताना मुलगे-मुली एकत्र बसवलेत की वेगळे? मराठीत चित्रांचे तक्ते कुठे मिळतील? आणि एखाद्या मुलाने खरंच काही सांगितलं, तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार (२०१२) कळवणं बंधनकारक आहे हे माहीत आहे, पण त्या क्षणी मुलाशी नेमकं काय बोलावं? समुपदेशक कुणी असतील तर कृपया जरूर लिहा.