मदत हवी आहे: पेंट शॉपमधल्या मास्कचे कार्ट्रिज किती दिवस वापरायचे?

नमस्कार मंडळी. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे. लोखंडी पॅनेलना स्प्रेने रंग मारायचं काम, हाताखाली पाच पेंटर. दिवाळीनंतर मालकांच्या मागे लागून सगळ्यांना रबरी हाफ मास्क आणून घेतले, दोन्ही गालांशी कार्ट्रिज, म्हणजे बाष्प शोषून घेणाऱ्या डब्या, असतात ते. तोवर तोंडाला रुमाल बांधून काम चालायचं. मास्क आले आणि मला वाटलं, आपली काळजी मिटली.

गेल्या सोमवारी आमचे सगळ्यात जुने पेंटर काका चार वाजता बूथच्या, म्हणजे रंग मारायच्या बंदिस्त खोलीच्या, दारात मटकन खाली बसले. डोकं जड, मळमळ. म्हणाले, "साहेब, पाऊस सुरू झाल्यापासून मास्कमधून थिनरचा वास येतोय. बोललो नाही, म्हटलं नवा मास्क कोण देणार." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. दवाखान्यात नेऊन आणलं, आता बरे आहेत.

मग मी एकेक मास्क हातात घेऊन पाहिला. कार्ट्रिज दिवाळीपासून तेच. मास्क रात्रंदिवस बूथमध्येच खिळ्याला लटकलेले. एकाने मास्क थिनरने पुसलाय, त्याचं रबर चिकट झालंय. दोघं जण पाळी बदलताना एकच मास्क वापरतात. एका मुलाला दाढी आहे, त्यामुळे मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, आणि तो ती काढणार नाही. त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, मी आग्रह करणार नाही.

कार्ट्रिज नेमकं कधी बदलायचं? मास्क धुवायचा कसा? दाढीवाल्या मुलासाठी काय करू? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद १

मी पावण्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टीला होतो. आधी एक सांगा, कार्ट्रिजवरची पट्टी कुठल्या रंगाची आहे? युरोपियन पद्धतीत थिनरसारख्या सेंद्रिय बाष्पाला तपकिरी, अमेरिकन पद्धतीत काळी. हिरवी असेल तर ती अमोनियाची, तुमच्या कामाची नाही. शिवाय स्प्रेचे तुषार अडवायला कार्ट्रिजच्या पुढे कणांचा फिल्टरही लागतो. नुसता एन-९५ लावला तर कण अडतात, बाष्प सरळ आत येतं.

कार्ट्रिजमध्ये सक्रिय कोळसा असतो. त्याला मास्क चेहऱ्यावर आहे की खिळ्यावर, हे कळत नाही. बूथमध्ये उघडा ठेवला तर तो रात्रभर बाष्प शोषत राहतो. म्हणजे सकाळी घालायच्या आधीच निम्मा संपलेला. काम झालं की घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, बूथच्या बाहेर ठेवा. रबर दबू देऊ नका, वाकडं झालं की चेहऱ्यावर बसत नाही.

किती दिवस, असं नाही, किती तास ते बघायचं. ढोबळ नियम असा: द्रावकाचा (थिनरमधल्या रसायनाचा) उत्कलनबिंदू ७० अंश सेल्सिअसच्या वर आणि बाष्प २०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग) आत असेल तर साधारण ८ तास. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की त्याच्या निम्मे, कारण कोळशात पाणीच जाऊन बसतं. आपल्याकडचा जुलै आठवा. काकांना पावसाळ्यातच वास यायला लागला तो उगाच नाही. वास आला की बदलू, हे धोरण नको. तोवर बाष्प छातीत गेलेलं असतं. कार्ट्रिज उघडल्याची तारीख आणि वेळ मार्करने त्याच्यावरच लिहा.

प्रतिसाद २

मी वागळे इस्टेटला पेंटर आहे, १४ वर्षं. दादा, रोज मास्क घातल्यावर दोन्ही कार्ट्रिजवर तळवे ठेवून हलका श्वास आत ओढायला लावा. मास्क गालाला चिकटून तसाच राहिला पाहिजे. मग समोरचा वॉल्व्ह झाकून हळू फुंकायचं, कडेने हवा सुटली नाही पाहिजे. हवा सुटली तर पट्टे नीट करायचे.

धुताना कार्ट्रिज आणि फिल्टर काढून ठेवा, त्यांना पाणी लावायचं नाही, कॉम्प्रेसरची हवापण मारायची नाही. रबर कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवून सावलीत वाळवा. श्वास सोडायच्या वॉल्व्हची पातळ चकती बघाच. तिच्याखाली रंगाचा एक कण जरी अडकला तरी बाहेरची हवा आत येते. आमच्याकडे एकाचा मास्क महिनाभर तसाच गळत होता. चिकट झालेला मास्क फेकून द्या. आणि ज्याचा त्याला मास्क, वर नाव लिहून.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी तपकिरीच आहे, पण पुढे कणांचा फिल्टर नाही. आणखी एक, आमचा रंग दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) आहे, एका डब्यात रंग आणि दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर. हार्डनरच्या डब्यावर आयसोसायनेट लिहिलंय. त्याने फरक पडतो का?

प्रतिसाद १

खूप पडतो, हे आधी सांगायला हवं होतं! आयसोसायनेट घातक प्रमाणात असलं तरी त्याचा वास येत नाही, म्हणून कार्ट्रिज संपलं हे कळायला मार्गच नाही. त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोडं प्रमाणही सोसत नाही. काकांना विचारा, कामावरून घरी गेल्यावर रात्री छाती आवळते का, खोकला येतो का. हो म्हणाले तर त्यांना बूथवर पाठवू नका, छातीच्या डॉक्टरकडे न्या आणि हार्डनरचा एमएसडीएस (रसायनाच्या धोक्यांचं माहितीपत्रक) सोबत द्या.

या कामाला बाहेरून हवा पुरवणारं हुड लागतं. ते डोक्यावरून सैल बसतं, म्हणजे तुमच्या दाढीवाल्या मुलाचाही प्रश्न सुटेल. फक्त कॉम्प्रेसरचा पाइप थेट जोडू नका, त्यात तेल आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. श्वसनाच्या हवेसाठीचा वेगळा फिल्टर संच मिळतो.

धागालेखक

काकांना आत्ताच फोन केला. रात्रीचा खोकला पंधरा दिवसांपासून आहे म्हणाले. उद्यापासून त्यांना पॅकिंगला घेतोय, पगार तोच ठेवायला मालक तयार झालेत. पीयूचं काम हुड येईपर्यंत बंद. ठाणे-बेलापूर पट्ट्यात असा हुड आणि फिल्टर संच कोणी बसवून घेतला असेल तर खर्च आणि देखभालीचा अनुभव प्लीज लिहा, मला शुक्रवारी मालकांपुढे आकडा ठेवायचा आहे.