तियागो म्हणजे याकोब?

पाणपोई : लिस्बनमधल्या एका आजीने नातवाला लिहिलेली पत्रं मराठीत आणते आहे. नातू तियागो. २५ जुलैच्या पत्रात आजी लिहिते, "आज तुझ्या संताचा दिवस." हा संत म्हणजे येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा याकोब. 'संत याकोब' लिहिलं तर नातवाच्या नावाशी असलेला धागा तुटतो. 'संत तियागो' लिहिलं तर तो कोण, हे मराठी ख्रिस्ती वाचकालाही चटकन कळायचं नाही. काय करू?

ओंबी : आधी नाव कसं घडलं ते बघा. लॅटिन 'याकोबुस'चा तिकडे झाला 'यागो'. पुढे संत लागून 'सांत यागो'. भरभर म्हणता म्हणता लोकांनी तोडलं 'सां तियागो' असं, आणि संताचा त नावाला कायमचा चिकटला. पोर्तुगीजमध्ये स्वराआधी 'सांतु' लावतात, व्यंजनाआधी 'सांव': सांतु आंतोनियु, पण सांव जुआंव. तियागोला आता त आहे म्हणून 'सांव तियागो'. म्हणजे संत पुढेही आणि पोटातही! आपली पावरोटी तशीच. पाव म्हणजे पोर्तुगीजमध्ये रोटीच.

काठवट : पाव पायांनी मळतात म्हणून पाव, असं आमची आजी सांगायची. तिने जन्मात तोंडात घातला नाही.

तळटीप : 'तियागो'च चूक आहे. पोर्तुगालमध्ये शेवटचा ओ उकाराकडे जातो, तेव्हा 'तियागू' लिहा. ब्राझीलचा माणूस तर बहुधा 'चियागू' म्हणेल.

ओंबी : आणि टाटांची गाडी? २०१६ साली झिका विषाणूमुळे 'झिका' हे नाव बदलून त्यांनी हे घेतलं, तेव्हापासून गल्लोगल्ली 'टियागो' चाललंय. रुळलेलं रूप मोडून वाचकाला अडखळायला का लावायचं?

तळटीप : गाडीचं नाव गाडीला. माणसाला त्याची आई हाक मारते तसंच लिहावं.

उत्तरवसई : आमच्याकडे डायस आडनावाची कितीतरी घरं. शेवटचा स 'अमक्याचा मुलगा' सांगतो. फर्नांडिस फर्नांदूचा, रॉड्रिग्ज रोद्रिगूचा, लोपीस लोपूचा, तसा डायस दियोगूचा. आणि दियोगू हेही सांतियागोचंच रूप, असं लहानपणापासून ऐकतोय.

तळटीप : पटत नाही. मध्ययुगीन लॅटिन कागदांत दियोगूला 'दिदाकुस' लिहिलंय. तो याकोबुस नव्हे.

उत्तरवसई : लेखनिकाने लॅटिनचा साज चढवला म्हणून घरातली हाक बदलत नाही, साहेब.

पाणपोई : माझी अडचण राहिलीच. पोर्तुगीजमध्ये जुन्या करारातला 'जाको' वेगळा, नव्यातला 'तियागो' वेगळा. मराठी बायबलमध्ये दोघेही याकोब. टीप दिली तरी वाचकाला जुळ्या भावाची टाच धरून जन्मलेला याकोब आठवणार.

ओंबी : पण नावाचा अर्थ तिथूनच लावतात ना! हिब्रूत टाचेला 'अकेव'. काही अभ्यासक मात्र 'देव राखो' असा मूळ अर्थ मानतात. आपल्या शेजारचा याकूबही त्याच नावाचा.

पाणपोई : 'देव राखो' आजीच्या तोंडी किती शोभेल! पण तिने तसं लिहिलेलं नाही, मी कसं घालू?

काठवट : पावाचं मी उगाच म्हटलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या बेकरीत दुपारी दोन पोरं लाकडी हौदात उतरून पीठ तुडवायची. पोटऱ्यांपर्यंत मैदा. डोळ्यांनी पाहिलंय.