माडाचा शेंडा मोडला की माड जातो, आंबा मात्र पुन्हा फुटतो. असे का होते?

प्रश्न: वाडीकर

आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यात आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाडीतील बरीच झाडे मोडली. अर्ध्यावर मोडलेल्या आंब्यांपैकी काहींना त्याच पावसाळ्यात जुन्या सालीतून फुटवे आले आणि आता त्यांच्या चांगल्या फांद्या झाल्या आहेत. माड आणि पोफळी यांच्या बाबतीत तसे घडले नाही. ज्यांचा शेंडा मोडला ती सर्व झाडे गेली, आणि त्यांचे नुसते खांब उभे राहिले.

यासोबत आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कुंपणाची तार एका आंब्याला फार वर्षांपूर्वी बांधली होती. ती आता खोडात पूर्ण शिरली आहे, पण झाड दुपटीने उंच होऊनही तार जमिनीपासून पूर्वीच्याच उंचीवर आहे. उलट माडावर चढण्यासाठी कोयत्याने पाडलेल्या खाचा आजोबांच्या वेळेपासून जशाच्या तशा आहेत, त्या भरूनही आल्या नाहीत. दोन्ही झाडे एकाच मातीत आणि एकाच पाण्यावर वाढलेली असताना त्यांच्या घडणीत एवढा फरक का असावा, हे कोणी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर: पर्णसंभार

आपली तिन्ही निरीक्षणे एकमेकांशी जोडलेली आहेत. वनस्पतीमध्ये नव्या पेशी तयार करण्याचे काम ठरावीक जागी असलेल्या विभाजी ऊतींकडे असते, आणि या जागा किती व कोठे आहेत यावर झाडाला झालेली इजा भरून निघेल की नाही हे अवलंबून असते.

प्रथम आंबा पाहू. त्याच्या प्रत्येक फांदीच्या टोकाशी आणि प्रत्येक मुळाच्या टोकाशी विभाजी ऊती असतात. तेथे पेशी विभागतात, टोकाच्या थोडे मागे त्या लांबतात, आणि एकदा पक्क्या झाल्या की खोडाचा तेवढा भाग पुन्हा कधीही लांब होत नाही. झाड उंच होते ते केवळ शेंड्याकडे. म्हणून तार जागची हलली नाही. जाडी वाढवणारी ऊती वेगळी असते. सालीच्या लगत आतल्या बाजूस कॅम्बियमचा पातळ थर खोडाला सर्व बाजूंनी वेढून असतो. तो आतल्या अंगाला नव्या जलवाहिन्या, म्हणजेच लाकूड, आणि बाहेरच्या अंगाला पानांतले अन्न खाली नेणाऱ्या नव्या रसवाहिन्या तयार करतो. लाकडावर लाकूड चढत जाते आणि वाटेत आलेली तार त्यात गाडली जाते. घावाच्या कडांनी नवी साल चढून तो मिटतो, तोही याच थरामुळे. आणि कलम बांधताना खुंट व काडी यांचे हे थर एकमेकांना भिडावे लागतात, हे कोकणातल्या कोणत्याही कलम करणाऱ्याला ठाऊक असते.

आता फुटव्यांविषयी. आंब्याच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी असते. वरचा शेंडा जिवंत असेपर्यंत तेथून ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरत राहते आणि या कळ्या दबून राहतात. केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात बाकल्याच्या रोपांवर हे दाखवून दिले: शेंडा खुडला की बगलेतल्या कळ्या वाढू लागत, आणि खुडलेल्या जागी ऑक्झिन लावले की त्या पुन्हा दबून राहत. या कामात स्ट्रायगोलॅक्टोन या दुसऱ्या संप्रेरकाचाही हात असल्याचे २००८मध्ये स्पष्ट झाले, त्यामुळे चित्र आता पूर्वीइतके साधे राहिलेले नाही. परंतु शेंडा गेला की खालच्या कळ्यांवरचा दाब उठतो, हे मूळ निरीक्षण कायम आहे. जुन्या खोडातही अशा कळ्या सालीखाली वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात. वादळाने शेंडा नेला तेव्हा आपल्या आंब्यांत त्याच जाग्या झाल्या.

माडाकडे यातले काहीच नाही. तो एकदल वनस्पती आहे, म्हणजे त्याच्या बीत एकच बीजदल असते. त्याच्या बुंध्याला वाढवणारी विभाजी ऊती एकच, झावळ्यांच्या बुडांनी वेढलेल्या कोंबाच्या तळाशी. पानांच्या बगलेत कळ्या असतात, परंतु त्यांच्यापासून पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तयार होते, फांदी नाही. म्हणजे शेंडा मोडला की त्याची जागा घेणारे दुसरे कोणीही झाडात शिल्लक राहत नाही. कॅम्बियमही नाही; जलवाहिन्या आणि रसवाहिन्या यांचे बारीक जुडगे बुंध्यात सर्वत्र विखुरलेले असतात आणि त्यांच्याभोवती भक्कम तंतू असतात. आजोबांच्या वेळच्या खाचा भरून आल्या नाहीत, कारण भरून आणणारी ऊतीच तेथे नाही.

या रचनेचा एक परिणाम मला फार विलक्षण वाटतो. आंबा आपल्या रसवाहिन्या सतत नव्याने तयार करीत असतो, जुन्या निकामी होऊन सालीबरोबर बाहेर ढकलल्या जातात. माडाला ती सोय नाही. बुंध्याचा खालचा भाग तयार होताना ज्या रसवाहिन्या घडल्या, त्यांच्यातील जिवंत पेशी साठ-सत्तर वर्षांनीही मुळांना अन्न पोहोचवत असतात. मात्र जुडगे सगळीकडे विखुरलेले असल्यामुळे माडाची कडेकडेने साल तासली तरी तो मरत नाही. आंब्याची साल पूर्ण वर्तुळात काढली तर मुळे उपाशी राहून झाड हळूहळू जाते.

उत्तर: आगरवाट

वरील उत्तराला बागायतीच्या बाजूने थोडी जोड देतो.

माडाचा बुंधा पुढे जाड होत नाही, तर मग तो सुरुवातीला जाड होतो कसा, हे लागवड करणाऱ्याने समजून घ्यावे. रोप लावल्यावर पहिली काही वर्षे माड वर जातच नाही. त्या काळात कोंबाचा तळ आडवा रुंदावतो, प्रत्येक पान आधीच्या पानापेक्षा मोठे येते, आणि बुंध्याची जाडी जवळजवळ पूर्ण ठरल्यावरच तो जमिनीवर दिसू लागतो. या वर्षांत पाणी आणि खत यांची हयगय झाली तर ती नंतर भरून काढता येत नाही. मोठ्या माडाच्या बुंध्यावर मध्येच एखादा निमुळता पट्टा दिसतो. तो भाग शेंड्याशी घडत असताना झाडाने दुष्काळ किंवा उपासमार काढलेली असते. तो पट्टा तसाच राहतो आणि त्यावरचा बुंधा पुन्हा नेहमीच्या जाडीचा होतो.

पोयींचेही तसेच आहे. पोय उघडते त्याच्या सुमारे अडीच वर्षे आधी तिची सुरुवात कोंबाच्या पोटात झालेली असते. त्यामुळे एखाद्या कडक उन्हाळ्याचा फटका पुढच्या दोन-तीन वर्षांच्या उत्पन्नात दिसतो, आणि बागायतदार मात्र कारण त्याच वर्षात शोधत बसतो.

कोंब एकच असल्यामुळे त्याचे रक्षण हेच माडाचे मुख्य रक्षण आहे. गेंड्या भुंगा न उघडलेल्या कोंबात शिरून तो कुरतडतो. पुढे ती झावळी उघडली की कात्रीने त्रिकोणी तुकडे कापल्यासारखी दिसते. एवढ्याने माड सहसा मरत नाही, परंतु त्या जखमेतून सोंड्या भुंगा आत गेला तर त्याच्या अळ्या गाभा पोखरतात आणि लक्षात येईपर्यंत वेळ गेलेली असते. बुंध्यावर नव्या खाचा पाडू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांचा वास सोंड्या भुंग्याला ओढून आणतो.

वाडीकर

दोन्ही उत्तरांमुळे बराच उलगडा झाला. एक शंका राहते. केळही एकदल आहे, पण ती कापली तरी पुन्हा उगवते. आणि वाडीत एक लहान माड आहे, त्याचा मधला कोंब पिवळा पडून ओढताच हातात आला; बाहेरच्या झावळ्या मात्र हिरव्या आहेत. तो जिवंत समजावा की मेलेला?

उत्तर: पर्णसंभार

केळीचा जो भाग आपण खोड म्हणतो ती पानांची एकावर एक गुंडाळलेली बुडे आहेत. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. वाढीचे टोक कंदात सुरक्षित असेपर्यंत वरचा भाग कापला तरी मधून नवे पान वर येते. घड येण्याची वेळ झाली की तेच टोक वर चढून त्याचे फूल होते, आणि तो केळीचा शेवट ठरतो. पुढची पिढी कंदाच्या कळ्यांतून निघालेल्या मुनव्यांची. बांबूची तऱ्हा आणखी निराळी आहे. त्याचा कोंब पूर्ण जाडीनिशीच जमिनीतून बाहेर पडतो आणि प्रत्येक पेराच्या तळाशी असलेल्या विभाजी ऊतींमुळे एकाच हंगामात उंची गाठतो.

ताडकुळातही अपवाद आहेत. दीवमध्ये होका नावाचा ताड दिसतो, त्याचे वाढीचे टोक स्वतःच दुभंगते आणि म्हणून त्याला फांद्या असतात. आपल्याकडचा भेरली माड उलट टोकाचे उदाहरण आहे: पूर्ण वाढ झाल्यावर त्याला वरून खाली अशा क्रमाने फुलोरे येतात आणि फळे पिकून झाल्यावर झाड मरते.

उत्तर: आगरवाट

आपल्या लहान माडाची लक्षणे कोंब कुजण्याच्या रोगाची वाटतात. पावसाळ्यात फायटोफ्थोरा या बुरशीसदृश रोगजंतूमुळे तो होतो. बाहेरच्या झावळ्या कित्येक महिने हिरव्या राहतात, त्यामुळे त्यांच्यावरून काही अनुमान काढू नये. कुजलेला भाग निरोगी पांढरा गाभा लागेपर्यंत धारदार कोयतीने काढून टाकावा, तेथे मोरचूद व चुना यांची बोर्डोपेस्ट लावावी, आणि नवा कोंब दिसेपर्यंत पाणी आत जाणार नाही असे झाकून ठेवावे. शेजारच्या माडांच्या शेंड्यांवर एक टक्का बोर्डोमिश्रण फवारावे. वाढीचे टोक शाबूत असेल तर काही महिन्यांत कोंब वर येईल, मात्र पहिली एक-दोन पाने वेडीवाकडी येण्याची शक्यता आहे. खालपर्यंत सगळेच मऊ आणि दुर्गंधीयुक्त लागले तर माड गेला असे समजून तो काढावा.

वादळात मेलेल्या माडांचे खांब अजून वाडीत उभे किंवा पडून असतील तर तेही लवकर हलवावेत. कुजत्या बुंध्यांत आणि शेणखताच्या खड्ड्यांत गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तेथून निघालेले भुंगे आपल्या नव्या रोपांच्या कोंबांवरच येतील.