मुंबई-दर्शनात परदेशी जेवण : शाकाहारी आईला काय चालेल?

प्रतापनगरकर (मूळ प्रश्न)
दिवाळीच्या सुट्टीत मी, माझी पंधरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आई अशा तिघी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाणार असून मुक्काम तीन दिवस फोर्ट-कुलाबा भागातच राहील. कोरियन मालिका पाहून पाहून मुलीने किमची आणि सुशी खाल्ल्याशिवाय परतायचे नाही असा पण केला आहे. आईला नवे पदार्थ चाखायला आवडतात, पण ती मासे-अंडी अजिबात खात नाही. मागे एका हॉटेलात ‘व्हेज’ म्हणून मागवलेल्या थाई रश्शाला मासळीचा वास आला, तेव्हा वेटरने शांतपणे सांगितले, ‘पीस टाकलेच नाहीत ना!’ त्या दिवसापासून आईचा भरवसा उडाला आहे. स्थळदर्शन सांभाळून तिघींचे जेवण कसे जमवावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

सदरचा खवय्या
ताई, वेटर खोटे बोलला नाही, हीच खरी अडचण आहे. आपल्याकडे मांसाहार म्हटले की ताटातला तुकडा डोळ्यांसमोर येतो, पण पूर्व आशियातल्या स्वयंपाकात मासळी पुष्कळदा मिठाच्या किंवा पाण्याच्या जागी असते. थाई रश्शाच्या वाटणात सुकवून आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो आणि वरून फिश सॉस पडतो, त्यामुळे भाज्या कितीही घातल्या तरी मूळ वाटण बदलत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ हे पातळ सार. ते सहसा कोंबू नावाचे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे यांपासून करतात, म्हणून निरुपद्रवी दिसणारे मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे) सूप आणि भाज्यांच्या टेम्पुराबरोबर (जपानी भज्यांबरोबर) येणारी चटणीसुद्धा आईंना चालेलच असे नाही. पारंपरिक किमचीत खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस असतो.

तेव्हा ‘हे व्हेज आहे का?’ असे विचारू नका. ‘यात फिश सॉस, कोळंबीचे वाटण किंवा माशाची दाशी आहे का?’ असे नाव घेऊन विचारा, आणि वेटर घुटमळला तर त्याला स्वयंपाकघरात विचारून यायला सांगा. निव्वळ कोंबूची किंवा शिताके अळंब्यांची दाशी जपानमध्येही करतात, त्यामुळे ही मागणी विचित्र ठरत नाही. मुलीबरोबर सुशीला बसल्यावर आईंसाठी काकडीची किंवा अ‍ॅव्होकॅडोची माकी (सुशीची गुंडाळी) मागवता येईल. इटालियन जेवण निर्धास्त वाटते, पण इटलीतल्या अस्सल पार्मिजानो चीजसाठी दूध विरजायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, म्हणून आई तितक्या काटेकोर असतील तर तेथेही चौकशी करावी.

महालकर
वरील उत्तर उत्तम आहे, पण वेळेचे गणित त्यात राहिले. आपण नागपूरकर साडेतीनला जेवायला बसलो तरी कोणी उठवत नाही. तिकडची बरीच परदेशी पद्धतीची उपाहारगृहे मात्र दुपारचे जेवण आटोपले की स्वयंपाकघर बंद करतात आणि थेट संध्याकाळी उघडतात. घारापुरीला गेलात तर बोटीच्या येण्या-जाण्यातच दुपार उलटते, म्हणून त्या दिवशी डबा सोबत न्यावा आणि जपानी-कोरियन बेत रात्रीवर ठेवावा. (सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळा.) वस्तुसंग्रहालय, काळा घोडा आणि ओव्हल मैदान एका दिवसात पायी होतात. मैदानाच्या एका बाजूला गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको अशा इमारती समोरासमोर उभ्या आहेत, आणि हा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

बॅलार्ड इस्टेटला मात्र दुपारीच जा. १९२३ साली सुरू झालेल्या तिथल्या ब्रिटानिया या इराणी उपाहारगृहाचा बेरी पुलाव ज्या आंबट झेरेश्कमुळे ओळखला जातो, ते इराणी फळ आहे. वर्षानुवर्षे मुंबईत राहिलेल्या पदार्थाला परदेशी म्हणावे की नाही, हे तुम्हीच ठरवा.

धरमपेठची सून
माझ्या सासूबाईंच्या बाबतीत लेबनानी जेवणाने प्रश्न सोडवला. फलाफलसाठी काबुली चणे न शिजवता, नुसते भिजवून भरड वाटतात आणि तळतात. पहिला घास घेताच त्या म्हणाल्या, ‘अगं, हे तर आपल्या वडाभातातले वडे!’ आणि मग हमस, म्हणजे चणे आणि तिळाचे वाटण, त्यांनी स्वतःहून पुन्हा मागवले. तिखट फारच कमी वाटेल, एवढे आईंना आधी सांगून ठेवा.

प्रतापनगरकर
सर्वांचे मनापासून आभार. वडाभाताचा दाखला ऐकून आईने लेबनानी जेवणाला होकार दिला आहे. आणखी एक शंका : अशा ठिकाणी बिलात दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला असतो, तो द्यावाच लागतो का?

सदरचा खवय्या
नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार उपाहारगृहाला तो आपोआप बिलात जोडता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते निर्देश कायम ठेवले. जीएसटी हा कर आहे, तो द्यावा लागतो. सेवा आवडली तर बक्षिशी तुमच्या खुशीची. बिल आल्यावर वाद घालण्यापेक्षा बसतानाच विचारून घ्या, म्हणजे मुलीलाही लाजल्यासारखे होणार नाही.