बँकॉकच्या हॉटेलात खोलीतला मसाज
बँकॉकच्या पंचतारांकित हॉटेलात मसाज खोलीतच मागवावा का, हा प्रश्न निघाला की चर्चा दरांचीच होते, तरी दरपत्रकात आकड्यापुढे छापलेल्या दोन अधिक-चिन्हांकडे (++) सहसा कोणी लक्ष वेधत नाही. त्या चिन्हांचा अर्थ असा, की छापील दरावर आधी १० टक्के सेवाशुल्क आणि मग त्या बेरजेवर ७ टक्के मूल्यवर्धित कर लागतो, म्हणजे ३००० बाटचा मसाज ३५३१ बाटला पडतो. खोलीत येण्याचा जादा आकार बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो.

माझ्या मते मात्र खरा मुद्दा पैशांचा नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलेला पारंपरिक थाई मसाज तेलाशिवाय, सैल कपड्यांवर आणि जमिनीवरच्या पातळ गादीवर केला जातो, कारण त्यात मसाज करणारी व्यक्ती आपले तळहात, कोपर आणि गुडघे यांवर स्वतःच्या अंगाचा भार टाकून दाब देते. हॉटेलच्या गुबगुबीत पलंगावर तो निम्मा दाब गादीच गिळते. तेव्हा जमिनीवर गादी अंथरणार का, आणि तेलाचा मसाज असल्यास घडीचे टेबल आणणार का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. पायांचा मसाज मात्र खोलीतल्या आरामखुर्चीत खुशाल घ्यावा.