क्रिटिकल टेस्ट पडली की पायटेस्टचा अख्खा रन कसा थांबवायचा?

प्रश्न
पायटेस्टमध्ये (पायथनचं टेस्ट चालवायचं साधन) सुमारे ४०० टेस्ट्स आहेत. त्यातल्या ६ क्रिटिकल: लॉगिन, डेटाबेस कनेक्शन वगैरे. यातली एक जरी पडली तरी पुढचं सगळं चालवणं फुकट. पण डॅश एक्स (पहिली टेस्ट पडताच थांबायचा पर्याय) दिलं की किरकोळ टेस्टलाही रन थांबतो. फक्त या सहांसाठी काय करता येईल?

उत्तर १
डॅश एक्स म्हणजे मॅक्सफेल १, त्याला सगळ्या टेस्ट्स सारख्याच. सहांना 'क्रिटिकल' मार्कर (टेस्टवरचं लेबल) लावा आणि कॉन्फटेस्टमध्ये (पायटेस्टची सामायिक फाइल) रनटेस्ट-मेकरिपोर्टचा हुक (टेस्टच्या प्रत्येक टप्प्याचा रिपोर्ट बनताना पायटेस्ट बोलावतं ते फंक्शन) रॅपर म्हणून, म्हणजे मूळ हुकभोवती गुंडाळून, लिहा. रिपोर्ट फेल्ड आणि आयटमवर (त्या टेस्टवर) मार्कर असेल, तर सेशनच्या (अख्ख्या रनच्या) शुडफेल फ्लॅगमध्ये कारणाचा मजकूर टाका. चालू टेस्ट टिअरडाउनसकट (शेवटच्या आवराआवरीसकट) संपते, पुढची सुरू होत नाही, एक्झिट कोड (रन संपताना मिळणारा निकालाचा आकडा) १ येतो. शुडस्टॉप वापरलंत तर २ येईल, म्हणजे कुणी कंट्रोल-सी दाबल्यासारखं.

रिपोर्टचा टप्पा 'कॉल' (टेस्टचा मुख्य भाग) असल्याची अट मात्र घालू नका. लॉगिन फिक्स्चरमध्ये (टेस्टआधी तयारी करणारं फंक्शन) असेल तर ते सेटअपमध्येच पडतं आणि रन खुशाल पुढे जातो.

उत्तर २
आणि क्रिटिकल टेस्ट ३५०वी असेल तर? कलेक्शन-मॉडिफायआयटम्स हुकमध्ये मार्करवाल्या टेस्ट्स सॉर्ट करून वर आणा. पायथनचा सॉर्ट स्टेबल असल्याने बाकीचा क्रम बिघडत नाही. फक्त मॉड्यूल-स्कोपची (एका फाइलसाठी एकदाच उभी राहणारी) फिक्स्चर्स दोनदा उभी राहू शकतात.

प्रश्नकर्ता
एक्सडिस्टचे (टेस्ट्स समांतर चालवणारं प्लगइन) ४ वर्कर असतील तर?

उत्तर १
मग हुकवर भिस्त नको. प्रत्येक वर्कर वेगळी प्रोसेस असते. एकात लावलेला फ्लॅग बाकीच्या तिघांना दिसत नाही. सरळ दोन कमांड करा: आधी एक्सडिस्टशिवाय फक्त क्रिटिकल, ती शून्य कोडने संपली तरच 'नॉट क्रिटिकल' ४ वर्करवर. पहिल्या कमांडला डॅश एक्सही नको. सहाच तर आहेत. सगळ्या चालल्या की डेटाबेसच बंद आहे की नुसतं लॉगिन बिघडलंय ते लगेच कळतं.

डॅश एम (मार्करनुसार टेस्ट्स निवडायचा पर्याय) पुढे मार्करचं नाव चुकलं तर एकही टेस्ट निवडली जात नाही आणि कोड ५ येतो. सीआय (टेस्ट्स आपोआप चालवणारी यंत्रणा) स्क्रिप्टमध्ये ५ ला पास धरू नका. टेस्टवरच्या डेकोरेटरमधली (मार्कर लावायची ओळ) चूक स्ट्रिक्ट-मार्कर्स हा पर्याय पकडतो, डॅश एममधली नाही.

उत्तर ३
रिपोर्टचंही बघा. हुकने थांबवल्यावर न चाललेल्या टेस्ट्स जेयुनिट एक्सएमएलमध्ये (निकालांची फाइल) स्किप म्हणूनही येत नाहीत, यादीतून गायबच होतात. टेस्टएनजीत (जावाचं टेस्ट साधन) डिपेंड्स-ऑन-ग्रुप्स (अमुक गट पास झाला तरच चालव) लावलं तर त्या स्किप म्हणून मोजल्या जातात. पायटेस्टमध्ये तसं हवं असेल तर रन थांबवू नका. रनटेस्ट-सेटअप हुकमध्ये क्रिटिकल टेस्ट पडल्याचा स्वतःचा फ्लॅग तपासून पायटेस्ट-स्किप बोलवा.