प्रेरणा, ऊर्मी, उमाळा की ‘बुद्धी झाली’?

ओळख ना पाळख अशा माणसाला दोन बरे शब्द बोलावेत असं एकदम आतून वाटतं, कोणीतरी ढकलावं तसं, आणि आपण जाऊन बोलतो, तर याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? निमित्त माझ्या मावशीचं. ती शास्त्री रोडवरून घरी येत होती, त्या दिवशी कुठल्यातरी परीक्षेचा निकाल लागलेला, टपरीशेजारच्या पायरीवर एक मुलगा एकटाच मान खाली घालून बसला होता. ती पुढे गेली, परत फिरली आणि त्याला म्हणाली, बाळा काही खाल्लंस का, घरी फोन केलास का, निकाल काही का लागेना कष्ट तर तू खरेच केलेस ना. तो काही बोलला नाही, त्याने फोन काढला, ही निघून आली. आता हे तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचंय, तिथे कोणीतरी ‘दैवी प्रेरणेचे पालन केले’ असं लिहून दिलंय आणि मावशी म्हणते, मी अशी बोलत नाही गं. तिचं बरोबर आहे असं मला वाटतं पण कारण सांगता येईना.

*

ताई, मावशींचं बरोबरच आहे. पालन आज्ञेचं होतं, नियमाचं होतं, व्रताचं होतं. प्रेरणा ‘होते’. तिचं पालन म्हटलं की साहेबाचा कागद आला आणि आपण सही केली असं वाटतं. शब्द म्हणून प्रेरणा वाईट नाहीये, त्यातला ईर् हा धातू मुळात हलवणं, ढकलणं अशा अर्थाचा, म्हणजे तुम्ही म्हणताय त्याच्या अगदी जवळचा, पण आता जिथे तिथे प्रेरणादायी भाषणं आणि प्रेरणादायी पोस्टर, त्यामुळे तो ढकलल्याचा अर्थ ऐकूच येत नाही.

ऊर्मी मी तरी इथे वापरणार नाही. ऊर्मी म्हणजे लाट, आणि वेदान्तात षडूर्मी म्हणतात त्या भूक, तहान, शोक, मोह, जरा, मरण या सहा, म्हणजे ज्यांच्या पलीकडे जायचं त्या. कवितेची ऊर्मी ठीक आहे.

‘आतला आवाज’ कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच लिहितो, हा आपल्या पुण्याशी फार जवळचा शब्द आहे. मे 1933 मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात 21 दिवसांचं उपोषण सुरू केलं ते अंतर्नाद ऐकून केलं असंच त्यांनी सांगितलं होतं, त्याच दिवशी त्यांना सोडलं आणि पुढचं उपोषण पुण्यातल्याच ‘पर्णकुटी’ नावाच्या बंगल्यात झालं. नंतर 1969 च्या राष्ट्रपती निवडणुकीत अंतरात्म्याचा आवाज ऐकून मत द्या म्हणून सांगितलं गेलं आणि तेव्हापासून तो राजकारणात गेला तो गेलाच. टपरीशेजारच्या पोराला जेवलास का विचारायला एवढा मोठा शब्द नको.

*

आम्ही ख्रिस्ती, आमच्यात ‘पवित्र आत्म्याने प्रेरणा दिली’ असं सर्रास म्हणतात, आजीसुद्धा म्हणायची, तेव्हा ते परकं अजिबात वाटत नाही. पण देणारा कोण ते त्या वाक्यात आहे हे बघा, नुसती मोघम ‘दैवी प्रेरणा’ नाही.

*

हा वरचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. देणारा कोण. आमच्याकडे म्हणतात ‘देवानं बुद्धी दिली’ किंवा ‘मला बुद्धी झाली’, आणि ही बुद्धी म्हणजे हुशारी नव्हे, वळण. गायत्री मंत्रातही शेवटी मागणं हेच आहे ना, आमच्या बुद्धीला तो चालना देवो. आणि शब्दांचं म्हणाल तर तुकोबांनी सरळ सांगून ठेवलंय, ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची’, पुढे साळुंकीचा दाखला, ती मंजुळ बोलते पण शिकवणारा धनी वेगळाच. त्यामुळे मावशींना ‘पालन केले’ मध्ये जो मी दिसला आणि खटकला तो का खटकला हे यात आहे.

अजून एक. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेबद्दल सांगताना माउली बोलण्यावर येतात, तिथली ओवी, ‘पुढां स्नेह पाझरे । माघां चालती अक्षरें । शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं’. क्रम बघा. आधी पाझर, मग अक्षरं. मावशी पुढे गेल्या आणि परत फिरल्या, तोवर काय बोलायचं ते त्यांना माहीतही नसेल कदाचित. यासाठी मला उमाळा हा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो, झऱ्याचं पाणी खालून वर येतं तो उमाळा, आणि मायेचा उमाळा आपण म्हणतोच. फक्त उमाळा आपल्या माणसासाठी येतो असा संकेत आहे, परक्यासाठी कळवळा म्हणतात. ‘ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभावीण प्रीती’ हेही तुकोबांचंच. पण पालखी पुण्यात येते तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेत कधीही न पाहिलेल्या माणसाला लोक माउली म्हणून हाक मारतात, तिथे परकं कोण हा प्रश्नच उरत नाही, म्हणून मी उमाळाच ठेवीन.

*

काका, मनापासून आभार, मावशीला सगळं वाचून दाखवलं. तिला उमाळा आवडला पण ती म्हणाली मी बोलताना ‘राहवलं नाही’ म्हणते. आणि मला ते जास्त पटलं कारण ‘मला राहवलं नाही’ या वाक्यात मी कर्ताच नाहीये, मला काहीतरी झालं आणि पाय वळले. तिने अजून एक सांगितलं ते इथे लिहायलाच हवं. मी विचारलं, त्या मुलाला का नाही सांगितलंस की देवानं मला पाठवलं, तर म्हणाली, अगं तो आधीच खचलेला, त्याच्या डोक्यावर देवाचं ओझं कशाला, त्याला जेवायला सांगायचं होतं. म्हणजे ‘देवानं बुद्धी दिली’ हे नंतर घरी येऊन, देवापुढे किंवा आपल्या माणसांत म्हणायचं वाक्य आहे, समोरच्याच्या तोंडावर नाही, असा वापरातला फरक मला दिसतोय. शब्दकोशात हे कुठे मिळणार?

ग्रुपवर शेवटी टाकलं ते असं: शास्त्री रोडला एक मुलगा बसला होता, राहवलं नाही, त्याच्याशी दोन शब्द बोलले, पांडुरंगानं बुद्धी दिली.

*

छान झालंय. फक्त ‘पांडुरंगानं’ वाक्याच्या सुरुवातीला घ्यायचं का ते मावशींना विचारा, मला वाटतं शेवटी आहे तेच बरं.